तिहेरी चंद्र: पेगन उपासनेतील एका चिन्हाचा इतिहास

मध्ये पूर्ण वर्तुळ आणि त्याच्या दोन्ही अंगांना पाठ लावून उभ्या असलेल्या दोन चंद्रकोरी, अशी तिहेरी चंद्राची आकृती असते. कोरींची टोके बाहेर वळलेली असतात. डावी कोर शुक्ल पक्षातल्या वाढत्या चंद्राची, मधले वर्तुळ पौर्णिमेचे आणि उजवी कोर कृष्ण पक्षातल्या उतरत्या चंद्राची मानतात. ख्रिस्ती धर्मापूर्वीच्या युरोपातील देवदेवतांची उपासना नव्याने सुरू करणाऱ्या पंथांना एकत्रितपणे आधुनिक पेगन पंथ म्हटले जाते. त्यांपैकी विक्का पंथात आणि स्वतंत्र देवी-उपासक गटांत हे चिन्ह देवीचे म्हणून पूज्य आहे. तिन्ही कलांना देवीच्या तीन अवस्था जोडलेल्या आहेत: वाढती कोर ही तरुणी, पूर्णचंद्र ही माता आणि उतरती कोर ही वृद्धा.

हे चिन्ह अतिप्राचीन असल्याचा समज बराच पसरलेला आहे. त्यातले सुटे घटक खरोखरच जुने आहेत. चंद्रकोर हे देवतेचे लक्षण म्हणून चार हजार वर्षांहून अधिक काळ वापरात आहे आणि तीन देहांची देवी ग्रीसमध्ये इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात घडवली गेली. मात्र चंद्राच्या तीन कला, स्त्रीची तीन वये आणि एकच देवी यांची सांगड पक्की झाली ती विसाव्या शतकात. या चिन्हाचा इतिहास म्हणजे जुन्या घटकांच्या नव्या जुळणीचा इतिहास आहे.

आकृती आणि आकाश

आकृतीतला डाव्या-उजव्या बाजूंचा क्रम उत्तर गोलार्धातल्या आकाशावरून आलेला आहे. तेथे वाढत्या चंद्राची उजवी कड उजळलेली असते आणि उतरत्या चंद्राची डावी. दक्षिण गोलार्धात हे उलट दिसते. कोरी सरळ उभ्या काढण्याची रीतही उत्तरेकडच्या प्रदेशांना साजेशी आहे. महाराष्ट्राच्या अक्षांशांवर द्वितीयेची कोर बहुधा आडवी, होडीसारखी किंचित कललेली दिसते. इंग्लंडमध्ये मात्र वर्षातला बराच काळ ती उभी दिसते. मेसोपोटेमियातल्या प्राचीन शिल्पांत चंद्रकोर टोके वर करून आडवी कोरलेली आहे, तीही तिथल्या आकाशाला धरूनच.

चांद्रमास सुमारे साडेएकोणतीस दिवसांचा असतो. अमावस्येला चंद्र दिसत नाही, त्यामुळे आकृतीत तिला जागा नाही. काही उपासक या न दिसणाऱ्या चंद्राला देवीचे चौथे, गूढ रूप मानतात. इतर काही त्याचा समावेश वृद्धेच्या रूपातच करतात.

चंद्र देव की देवी

चंद्र म्हणजे स्त्री-देवता हे समीकरण जगभर सारखे नव्हते. सुमेरमधील उर या नगराचे मुख्य दैवत नन्ना हा चंद्रदेव पुरुष होता. अक्कादी भाषेत त्याला सिन म्हणत. बॅबिलोनियातील कुदुर्रू नावाच्या दानशिळांवर सिनची कोर, शमशची सूर्यचकती आणि इश्तारचा तारा अशी तीन चिन्हे शेजारी शेजारी कोरलेली आढळतात. इजिप्तमधील खोन्सू आणि थॉथ, आशिया मायनरमधील मेन, स्कँडिनेव्हियातील मानी आणि भारतातील चंद्र हे सगळे पुरुषच. मेनच्या मूर्तींत तर खांद्यांमागून चंद्रकोरीची टोके वर आलेली दाखवतात.

युरोपात चंद्र स्त्रीरूप झाला तो ग्रीक आणि रोमन परंपरेतून. ग्रीकांची सेलेनी आणि रोमनांची लुना या साक्षात चंद्राच्या देवी होत्या. सेलेनीच्या कपाळावर किंवा खांद्यांमागे कोर असे. रोममध्ये लहान मुली आणि स्त्रिया लुनुला नावाचा कोरीच्या आकाराचा ताईत गळ्यात घालत. इजिप्तच्या आयसिस देवीच्या मस्तकावर शिंगांमध्ये बसवलेली चकती मुळात सूर्याची होती, परंतु ग्रीक-रोमन काळात तिचा अर्थ चंद्र असा लावला गेला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील लेखक ॲप्युलियस याच्या कादंबरीच्या शेवटच्या भागात ही देवी पौर्णिमेच्या रात्री समुद्रातून प्रकट होते. निरनिराळे लोक आपल्याला निरनिराळ्या नावांनी पूजतात, असे ती सांगते. सर्व देवी मिळून एकच, ही पुढे आधुनिक पेगन पंथांना प्रिय झालेली कल्पना येथे स्पष्टपणे दिसते.

तिठ्यावरची हेकाटी

तिहेरी चंद्राशी सर्वांत जास्त जोडले जाणारे प्राचीन नाव हेकाटीचे आहे. इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमाराचा कवी हेसिअड तिचे वर्णन करतो तेव्हा ती एकाच देहाची आहे, आणि पृथ्वी, समुद्र व आकाश या तिन्हींत तिला वाटा आहे. चंद्राशी तिचे नाते तेथे नाही. दुसऱ्या शतकातील ग्रीक प्रवासी पॉसानिअस याच्या म्हणण्यानुसार, एकमेकींना जोडलेल्या तीन आकृतींची हेकाटी प्रथम घडवली ती अल्कामेनीस या शिल्पकाराने. ही मूर्ती अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवर विजयादेवीच्या मंदिराजवळ उभी होती. अल्कामेनीस इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला.

तीन देहांचे कारण तिच्या जागेत होते. हेकाटी ही उंबरठ्यांची आणि तिठ्यांची रक्षक होती आणि तिठ्यावर उभ्या असलेल्या देवीला तिन्ही वाटांवर नजर ठेवायची असे. खांबाभोवती पाठीला पाठ लावून उभ्या तीन स्त्रियांच्या अशा मूर्तींना हेकाताया म्हणतात आणि त्या बऱ्याच संख्येने सापडल्या आहेत. त्यांतल्या तिन्ही स्त्रिया सारख्याच वयाच्या आणि तरुण असतात. माता किंवा वृद्धा त्यांत नाही. चांद्रमासाच्या अखेरच्या रात्री अथेन्समधील लोक तिठ्यावर हेकाटीसाठी अन्न ठेवत. अमावस्येशी तिचे नाते जडले ते या प्रथेतून.

चंद्र आणि चेटूक यांचा संबंधही याच काळातला. थेसली प्रांतातल्या चेटकिणी मंत्राने चंद्र खाली उतरवतात, अशी समजूत होती. इसवी सनापूर्वी ४२३ मध्ये रंगमंचावर आलेल्या ॲरिस्टोफेनीसच्या ‘मेघ’ या प्रहसनात एका कर्जबाजारी म्हाताऱ्याला या समजुतीवरून युक्ती सुचते. थेसलीची चेटकीण विकत घ्यायची, चंद्र उतरवून पेटीत बंद करायचा, म्हणजे महिना संपणार नाही आणि व्याजही द्यावे लागणार नाही. अग्लाओनिकी नावाच्या थेसलीच्या एका स्त्रीला चंद्रग्रहणांचे ज्ञान होते आणि त्या बळावर आपण चंद्र उतरवतो असे ती इतर स्त्रियांना पटवून देई, अशी हकीकत प्लुटार्कने नोंदवली आहे.

रोमची त्रिरूप डायाना

रोमन काळात हेकाटी, आर्टेमिस (रोमनांची डायाना) आणि सेलेनी यांच्या सीमा पुसट झाल्या. रोमच्या आग्नेयेस नेमी सरोवराकाठी डायाना देवीचे प्रसिद्ध वनस्थान होते. सरोवराला डायानाचा आरसा म्हणत. इसवी सनापूर्वी ४३ मध्ये पब्लियस अक्कोलेयस लारिस्कोलस या टांकसाळ-अधिकाऱ्याने पाडलेल्या चांदीच्या नाण्यावर एका आडव्या दांड्याने जोडलेल्या तीन स्त्रियांची आकृती आणि मागे सुरूची झाडे आहेत. ही नेमी येथील पूजामूर्ती असल्याचे अभ्यासक मानतात. कॅटलस या कवीने डायानाच्या स्तोत्रात तिला प्रसूतीची लुसिना, तिठ्याची ट्रिव्हिया आणि चंद्राची लुना या तिन्ही नावांनी संबोधले. व्हर्जिल आणि होरेस यांच्या काव्यांतही ती त्रिमुखी किंवा त्रिरूप आहे.

तीन रूपांना चंद्राच्या अवस्थांचा आणि आयुष्याच्या टप्प्यांचा अर्थ देण्याचे काम उत्तरकालीन टीकाकारांनी केले. तिसऱ्या शतकातील तत्त्वज्ञ पॉर्फिरी याने हेकाटी म्हणजे बदलत्या कलांचा चंद्र असे सांगून तिची वस्त्रे, पादत्राणे आणि मशाली यांचा संबंध नव्या व पूर्ण चंद्राशी जोडला. व्हर्जिलचा भाष्यकार सर्व्हियस याने इसवी सन ४०० च्या सुमारास लुसिना, डायाना आणि हेकाटी या तीन नावांना जन्म, सामर्थ्य आणि मृत्यू असे तीन अधिकार वाटून दिले. आधुनिक कल्पनेच्या हा विचार बराच जवळ येतो, पण तोही विद्वानांचा अन्वयार्थ होता. मंदिरातल्या पूजेत तरुणी, माता आणि वृद्धा अशा तीन मूर्ती होत्या, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

वयांच्या अंगाने सर्वांत जवळचे प्राचीन उदाहरण चंद्रदेवीचे नाहीच. ग्रीसमधील स्टिम्फेलस येथे हेरा देवीची तीन देवस्थाने होती, असे पॉसानिअस सांगतो. एक कन्येचे, दुसरे विवाहितेचे आणि तिसरे पतीपासून दुरावलेल्या, विधवारूप हेराचे. येथे स्त्रीच्या तीन अवस्था आहेत, परंतु चंद्र नाही. नेमीला तीन देह आहेत, परंतु वयांचा भेद नाही. प्राचीन जगात हे धागे वेगवेगळेच राहिले.

मधली शतके

चौथ्या शतकाच्या अखेरीस सम्राट थिओडोसियसच्या फर्मानांनी जुन्या देवतांची जाहीर पूजा बंद पाडली. डायानाचे नाव मात्र चर्चच्याच लेखनात टिकून राहिले. काही स्त्रिया रात्री डायानासोबत प्राण्यांवर बसून दूरवर जातात असे स्वतःविषयी मानतात आणि हा सैतानाने घडवलेला भ्रम आहे, असे सांगणारा ‘कॅनन एपिस्कोपी’ हा मजकूर दहाव्या शतकाच्या आरंभी प्रुमच्या रेगिनोने आपल्या संग्रहात घेतला. पुढच्या काळात चेटकिणींवरील खटल्यांच्या वेळी याच मजकुरावर वाद झाले.

कोर ही आकृती दरम्यान इतर अर्थांनी वावरत होती. उत्तर मध्ययुगात कुमारी मेरी चंद्रकोरीवर उभी असल्याची चित्रे लोकप्रिय झाली. त्यांचा आधार बायबलच्या शेवटच्या पुस्तकात आहे. सोळाव्या शतकात फ्रान्सचा राजा दुसरा आन्री आणि त्याची प्रेयसी दियान द प्वातिए यांनी एकमेकींत गुंफलेल्या तीन कोरींचे चिन्ह वापरले. नावसाधर्म्यामुळे दियानला डायाना देवीच्या रूपात रंगवले जाई. ही सगळी दरबारी कल्पकता होती आणि तीत उपासनेचा भाग नव्हता.

एकोणिसाव्या शतकातील मांडणी

एकोणिसाव्या शतकात चंद्र आणि हिरवी धरती ही इंग्रजी स्वच्छंदतावादी कवींची आवडती विषयवस्तू झाली. त्याच वेळी विद्वानांनी देवींच्या अनेकत्वामागे एकत्व शोधायला सुरुवात केली. जर्मन अभ्यासक एदुआर्द गेरहार्ड याने १८४९ मध्ये असे मत मांडले की ग्रीसच्या सर्व देवींमागे इतिहासपूर्व काळातील एकच महादेवी आहे. १८६१ मध्ये स्विस विद्वान योहान याकोब बाखोफेन याने मानवसमाज आरंभी मातृसत्ताक होता, असा सिद्धांत पुढे आणला. जेम्स फ्रेझर याच्या ‘द गोल्डन बाउ’ (१८९०) या ग्रंथाचा आरंभच नेमीच्या वनातून होतो. केंब्रिजच्या जेन हॅरिसन यांनी १९०३ च्या आपल्या ग्रंथात ग्रीक देवींच्या जोड्या आणि त्रयी यांची चर्चा केली. कन्या आणि माता ही एकाच देवीची दोन रूपे आहेत, असे त्यांनी दाखवले.

लोकसाहित्याच्या बाजूने चार्ल्स लेलँड या अमेरिकी लेखकाचे ‘अरादिया’ हे पुस्तक १८९९ मध्ये आले. टस्कनीतील चेटकिणींचा हा गुप्त ग्रंथ आहे, असा त्याचा दावा होता. डायाना ही चेटकिणींची देवी आणि पौर्णिमेला त्यांनी एकांतात जमावे ही तिची आज्ञा, असे त्यात सांगितलेले आहे. ग्रंथाच्या अस्सलपणाबद्दल मतभेद आहेत, पण विक्का पंथातील पौर्णिमेच्या उपासनेचा एक आधार तो निश्चित ठरला. १९२१ मध्ये मार्गारेट मरे यांनी युरोपातील चेटकीण म्हणजे टिकून राहिलेल्या जुन्या धर्माची अनुयायी, असा सिद्धांत मांडला. इतिहासकारांनी तो पुढे नाकारला, परंतु उपासकांच्या बैठकांसाठीचे ‘एस्बॅट’ आणि ‘सॅबॅट’ हे शब्द त्यांच्याच लेखनातून आधुनिक पंथात आले.

तरुणी, माता, वृद्धा

चंद्राच्या तीन रूपांना तीन वये देणारा एक स्पष्ट मजकूर ॲलिस्टर क्रॉली या गूढवादी लेखकाच्या ‘मूनचाइल्ड’ या कादंबरीत आहे. ती १९१७ मध्ये लिहिली गेली आणि १९२९ मध्ये छापली गेली. त्यातली आर्टेमिस कुमारिका आहे आणि हेकाटी ही मातृत्वाची आशा संपलेली म्हातारी आहे. क्रॉलीची हेकाटी भयंकर आणि मत्सरी आहे. पूज्य वृद्धेची कल्पना तेथे अजून आलेली नाही.

ती आणली इंग्रज कवी रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी. ‘द व्हाइट गॉडेस’ हा त्यांचा ग्रंथ १९४८ मध्ये लंडनच्या फेबर या प्रकाशनसंस्थेने काढला, आणि तो स्वीकारण्यात टी. एस. एलियट यांचा पुढाकार होता. इतिहासपूर्व युरोपात एका चंद्रदेवीची उपासना होती आणि सर्व खरी कविता तिच्यापासून जन्मते, असे ग्रेव्ह्ज यांचे प्रतिपादन होते. त्यांनी नवा चंद्र, पूर्णचंद्र आणि जुना चंद्र यांना पांढरा, तांबडा आणि काळा हे रंग दिले. पांढरा रंग जन्म व वाढीचा, तांबडा प्रेम व युद्धाचा आणि काळा मृत्यू व भविष्यकथनाचा. ग्रेव्ह्ज यांनी ग्रीक, वेल्श आणि आयरिश साहित्यातले तुकडे कवीच्या स्वातंत्र्याने जोडले. इतिहासाचा पुरावा म्हणून अभ्यासकांनी हा ग्रंथ स्वीकारला नाही, मात्र वाचकांच्या एका पिढीवर त्याचा खोल ठसा उमटला.

विक्का पंथातील वापर

इंग्लंडमध्ये १७३५ चा चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला. त्यानंतर तीन वर्षांनी जेराल्ड गार्डनर यांचे ‘विचक्राफ्ट टुडे’ प्रसिद्ध झाले आणि विक्का पंथ लोकांसमोर आला. गार्डनर यांनी आयुष्याची बरीच वर्षे सिलोन आणि मलाया येथे नोकरीत काढली होती. त्यांच्या मांडणीत चंद्राशी जोडलेली देवी आणि शिंगे धारण केलेला देव या जोडीला प्राधान्य होते. १९५३ मध्ये दीक्षा घेतलेल्या डोरीन व्हॅलिएन्टे यांनी विधींच्या संहिता नव्याने लिहिल्या. लेलँड आणि क्रॉली यांच्या साहित्याचा वापर करून त्यांनी सिद्ध केलेली देवीची आज्ञा-संहिता आजही पौर्णिमेच्या विधीत म्हटली जाते. तीन वयांची देवी मात्र पंथात शिरली ती मुख्यतः ग्रेव्ह्ज यांच्या वाचनातून.

पौर्णिमेच्या किंवा अन्य चांद्रतिथीच्या बैठकीला एस्बॅट म्हणतात. वर्षात बारा, तर कधी तेरा पौर्णिमा येतात आणि त्यांनुसार बैठका ठरतात. ‘चंद्र उतरवणे’ हा त्यांतला मुख्य विधी. त्याचे नाव थेसलीच्या चेटकिणींच्या दंतकथेतले असले तरी आशय निराळा आहे. पुरोहित आवाहन करतो आणि देवी पुरोहितेच्या अंगी प्रकट झाली असे मानले जाते. पुरोहिता कपाळावर चांदीची पट्टी किंवा मुकुट बांधते. त्यावर एक कोर किंवा तिहेरी चंद्र असतो. वेदीवरचे वस्त्र, पेला, पदके आणि अंगठ्या यांवरही हे चिन्ह असते, आणि मधल्या वर्तुळात पंचकोनी तारा कोरण्याची पद्धतही रूढ आहे. चंद्राचा धातू म्हणून चांदीला पसंती दिली जाते. देवाचे चिन्ह याला जोड म्हणून येते: वर्तुळ आणि त्याच्या डोक्यावर शिंगांप्रमाणे ठेवलेली आडवी कोर.

कार्याच्या हेतूनुसार चंद्रकला निवडतात. आरंभ आणि वाढ यांसाठी शुक्ल पक्ष, पूर्तता आणि आशीर्वाद यांसाठी पौर्णिमा, आणि सोडून देणे, दूर करणे किंवा आत्मपरीक्षण यांसाठी कृष्ण पक्ष. तिहेरी चंद्र हा या कालक्रमाचा आराखडाही आहे.

स्त्रीवाद आणि टीका

१९७० च्या दशकात अमेरिकेतील स्त्रीमुक्ती चळवळीने या चिन्हाला नवा अर्थ दिला. झुझाना बुडापेस्ट यांनी १९७१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये केवळ स्त्रियांचा उपासक गट स्थापन केला. स्टारहॉक यांचे ‘द स्पायरल डान्स’ आणि मार्गो ॲडलर यांचे ‘ड्रॉइंग डाउन द मून’ ही दोन्ही पुस्तके १९७९ मध्ये आली आणि देवी-उपासना मोठ्या वाचकवर्गापर्यंत पोहोचली. पुरुष ईश्वराच्या प्रतिमेत वाढलेल्या स्त्रियांना येथे स्त्रीदेहाचे आणि वार्धक्याचेही पावित्र्य मान्य करणारी प्रतिमा मिळाली. पुरातत्त्वज्ञ मारिया गिंबुटास यांच्या प्राचीन युरोपातील देवीविषयीच्या मांडणीने या विचाराला बळ दिले. फ्रान्समधील लॉसेल येथे १९११ मध्ये सापडलेले, सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचे स्त्रीशिल्पही वारंवार दाखल्याला येते. तिच्या हातातल्या शिंगावर तेरा रेषा आहेत. त्या वर्षातल्या चांद्रमासांच्या असाव्यात, हा अनेक अर्थांपैकी एक अर्थ आहे.

ब्रिटिश इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी १९९९ च्या ‘द ट्रायम्फ ऑफ द मून’ या ग्रंथात आधुनिक पेगन पंथांची घडण तपशीलवार मांडली आणि त्रिरूप देवीचा उगम मुख्यतः एकोणिसाव्या-विसाव्या शतकांतील साहित्यात आणि विद्वत्तेत असल्याचे दाखवले. काही अनुयायांना ते रुचले नाही. अनेकांनी मात्र इतिहास स्वीकारून श्रद्धा कायम ठेवली, कारण चिन्हाची सत्यता त्याच्या वयावर ठरत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. दुसरी टीका पंथाच्या आतून आली. स्त्रीचे आयुष्य प्रजननक्षमतेच्या मापाने तीन तुकड्यांत का वाटावे, मूल नसलेल्या स्त्रीचे स्थान कोणते, हे प्रश्न विचारले गेले. काहींनी माता आणि वृद्धा यांच्यामध्ये आणखी एक अवस्था मानली. काहींनी वयांऐवजी निर्मिती, पूर्णता आणि विसर्जन असा अर्थ घेतला, आणि तो पुरुषांनाही लागू केला.

२०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ७४ हजार लोकांनी आपला धर्म पेगन, तर सुमारे १३ हजारांनी विक्का असा नोंदवला. या पंथांना मध्यवर्ती धर्मपीठ किंवा एकच प्रमाणग्रंथ नाही. त्यामुळे तिहेरी चंद्राचा अधिकृत अर्थ ठरवणारी संस्थाही नाही आणि प्रत्येक गट आपापल्या परंपरेनुसार त्याचा अर्थ लावतो. नॉर्स किंवा ग्रीक देवतांची मूळ साधनांनुसार काटेकोर उपासना करू पाहणारे पेगन गट हे चिन्ह सहसा वापरत नाहीत, कारण त्यांच्या साधनांत ते सापडत नाही. विक्का आणि देवी-उपासक गटांत मात्र पंचकोनी ताऱ्याच्या खालोखाल तेच सर्वाधिक ओळखीचे आहे.